पास दोघांचा होता

नौकांच्या प्रदर्शनाच्या पासवर एकालाच आत सोडतात, असं मी माझ्या थोरल्या भावाला सांगितलं. ते खोटं होतं. पास माझ्या मोबाइलवर आला होता आणि त्यावर ‘दोन व्यक्ती’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. दादा तेव्हा ओट्यावर बसून प्रवासासाठी वहाणांना तेल लावत होता. त्यानं वर बघितलं, “बरं” म्हणाला, आणि दुसरी वहाण हातात घेतली. एक तेलाची आणि एक कोरडी कशी ठेवणार?

त्या वर्षी त्याला तापीचा पलीकडचा काठ अजून दिसत होता. पुढच्या वर्षी दिसत नव्हता. मी काय केलं ते एवढ्यात आलं. बाकीचं जे लिहितो आहे ते नौकेविषयी आहे, आणि दादाविषयी.

आमचं शेत नदीला लागून आहे. लहानपणी उन्हाळ्यातली तापी म्हणजे वाळू, मधे मधे डोह आणि टरबुजांच्या वाड्या. पुढे खाली बॅरेज झालं आणि पाणी आमच्या बांधापर्यंत येऊन थांबलं. पावसाळ्यात दरवाजे उघडले की ते निघून जातं, दिवाळीनंतर पुन्हा भरतं. मी तळोद्याला एका कचेरीत बाबू आहे. रविवारी शेतावर यायचो आणि संध्याकाळी आम्ही दोघं भाऊ बांधावर बसायचो. दादाला पिकाकडे बघायला आवडायचं, मला पाण्याकडे. एवढं पाणी समोर आणि त्यावर एक कोळ्याची होडी सोडली तर काहीच नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. मोबाइलवर मी शिडाच्या नौकांचे व्हिडिओ बघायला लागलो. परदेशातली माणसं घरदार विकून त्यात राहतात, त्यातच भाकरी भाजतात, त्यातच भांडतात. पन्नाशीला टेकलेल्या बाबूला दुसरं काय बघावंसं वाटणार?

एकदा दादानं माझा मोबाइल हातात घेतला, लांब धरला, डोकं जरा तिरकं केलं आणि बघितलं. डोकं तिरकं का केलं हे मला तेव्हा सुचलं नाही.

“हाई घोडं चांगलं शे,” तो म्हणाला. “चारा काय खास?”

“वारा खातं.”

“मंग लई टाक.” म्हणजे घेऊन टाक.

तेव्हापासून आमच्या घरात नौकेचं नाव पानीना घोडा पडलं. वहिनी म्हणाली, “भाऊजी, घोडा आना, पन त्यामा मन्ह्या मिरच्या सुकाडाले जागा ठेवज्या.” गावात चहाच्या टपरीवर माझी चेष्टा व्हायला लागली, जहाजाला कुठला बैल जुंपणार म्हणून. दादा मात्र चेष्टा करत नव्हता. त्याच्या दृष्टीनं हा व्यवहार होता आणि व्यवहार नीट झाला पाहिजे होता.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. जनावर पारखण्यात त्याचा शब्द पंचक्रोशीत चालायचा. सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथं तो दर वर्षी जायचा, घ्यायचा असो वा नसो. लोक त्याला आपल्याबरोबर न्यायचे. मी लहान असताना तो मला खांद्यावर बसवून न्यायचा, आणि नुसतं फिरवायला नाही, कामाला. घोडाबाजारात एकटा माणूस जात नाही. दोघं लागतात, एक बोलणारा आणि एक बघणारा. बोलणाऱ्यानं मालकाला गुंतवायचं, तेवढ्यात बघणाऱ्यानं जनावर बघून घ्यायचं. बोलणारा मी. “काका, घोड्याचं नाव काय? लाथ मारतो का? पावसात भिजला तर सर्दी होते का?” असले प्रश्न मी विचारत राहायचो, मालक हसत उत्तरं द्यायचा आणि तेवढ्यात दादा दात, खूर, मानेवरचे भोवरे बघून मोकळा व्हायचा.

भाव बोलून ठरत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शेकडे की हजार, ते जनावर बघून दोघांनाही कळतं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. ती भाषा दादानं मला शिकवली, जत्रेहून परतताना बैलगाडीत, त्याच्याच रुमालाखाली. मी चुकलो की तो माझं करंगळीचं बोट पिरगाळायचा.

अशा माणसाला मी मुंबईच्या प्रदर्शनाला नेलं नाही.

कारण सांगतो. त्या प्रदर्शनाचं चित्र माझ्या डोक्यात आधीच तयार होतं. निळं पाणी, पांढऱ्या नौका, त्यांच्याकडे जाणारा गालिचा, त्यावरून चालणारा मी, पायात पांढरे बूट. दादा त्यात कुठे उभा करावा ते मला कळेना. त्याचं धोतर, खांद्यावरचा रुमाल, वाकून खाली बघायची सवय, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी अहिराणी. मला त्याची लाज वाटली असं मी तेव्हा स्वतःला म्हणालो नाही. गर्दी होईल, त्याला दगदग होईल, असं म्हणालो. पण लाजच होती.

तर मी एकटा गेलो. आता नौका घ्यायच्या विचारानं प्रदर्शनाला जाणाऱ्या कोणाला माझा उपयोग होणार असेल तर मी तिथं काय काय केलं ते सांगतो. त्याच्या उलटं करावं.

नवे पांढरे बूट घातले, नाडीचे. प्रत्येक नौकेवर चढताना बूट काढून टोपलीत ठेवावे लागतात हे मला माहीत नव्हतं. दिवसभर मी नाड्या सोडत आणि बांधत होतो. सुट्टीच्या दिवशी गेलो, त्यामुळे प्रत्येक शिडीपाशी रांग. सगळ्यात मोठ्या नौका, ज्या मी सात जन्मांत घेणार नाही, त्यांच्या रांगेत आधी उभा राहिलो. आत गेल्यावर माहितीपत्रकं गोळा केली, दोन पिशव्या भरून. कुठल्याही बिछान्यावर आडवा झालो नाही, कारण लाज वाटली. कुठलंही झाकण उघडून इंजिन बघितलं नाही, कारण उघडलं तर आत जे दिसेल ते मला समजणार नव्हतं आणि तसं कोणाच्या लक्षात येऊ नये. काही नौका लाकडी घोड्यांवर उभ्या होत्या, त्यांचा तळ डोळ्यांसमोर होता. वाकून बघितलं नाही. पांढऱ्या बुटांतला माणूस वाकत नाही असं मला वाटत होतं.

सगळ्यात वाईट हे की एका विक्रेत्यानं मला सरळ प्रश्न विचारला, “सर, कुठल्या पाण्यात चालवणार?” आणि मी म्हणालो, “समुद्रात.”

तापीत म्हणायला माझी जीभ वळली नाही. मग त्या बिचाऱ्यानं तासभर मला समुद्राचंच सगळं समजावलं, लाटा, वादळ, तळाला लटकणारं जड लोखंड. मी मान हलवत राहिलो. त्यातलं अक्षरही आमच्या बांधाच्या कामाचं नव्हतं. दादाला घरी ठेवून आलो होतोच, नदीलाही घरी ठेवलं.

परत आलो तर दादा ओट्यावर वाटच बघत होता. वहिनीनं पाणी द्यायच्या आत त्यानं विचारायला सुरुवात केली.

“खाले वाकी देखं का?”

“देखं.”

“तय कशा शे?”

“तळ चांगला आहे. गुळगुळीत.”

“पानीमा चालाडी देखी?”

“हो. झकास चालते.”

“डुलस का रेवाल चालस?”

रेवाल म्हणजे घोड्याची ती चाल, ज्यात पाठीवरच्या माणसाच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही. मी म्हणालो, “रेवाल.” तो इतका खूश झाला की त्यानं संध्याकाळी टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. बापूनं (घरात मला बापू म्हणतात) घोडी पाण्यात चालवून बघितली, रेवाल आहे. मी मागून गेलो होतो, ते ऐकून तसाच परत फिरलो. माहितीपत्रकं त्यानं ठेवून घेतली. नंतर कितीदा तरी मी त्याला ती उन्हात धरून, डोकं तिरकं करून बघताना पाहिलं.

काही महिन्यांनी वहिनीनं मला मिरच्या निवडता निवडता सांगितलं. दादा शेतात गेला होता.

“तुम्हना दादाना डोया जाई ऱ्हायनात, भाऊजी.”

मला वाटलं मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करू. ती म्हणाली मोतीबिंदू नाही, काचबिंदू. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही. कडेकडेनं अंधार आत येतो आणि मधे नळीएवढं दिसत राहतं. ते आता औषधानं टिकेल तेवढं टिकवायचं.

“कधी कळलं?”

“मांगला सालेच. तुम्ही मुंबईले जावाना आधी.” ती मिरचीचं देठ मोडत राहिली. “समुद्र देखाना व्हता त्यास्ले. दिखस तोवर. घोडं न् काय, तुम्हना संगे जावाना तो बहाना व्हता.”

मी तिथून उठलो आणि बांधावर जाऊन बसलो. समोर पाणी होतं. मला ते बघवेना.

पुढचे सगळे महिने मी खूप चांगला भाऊ झालो. अपराधी माणूस जसा चांगला होतो तसा. दर रविवारी फळं, औषधाचे थेंब, सुरतची फेरी. दादाला त्याचा कंटाळा यायचा. एकदा म्हणाला, “बापू, तू माले निजवी निजवी मारशी.” तरी मी त्याला ती एक गोष्ट सांगितली नाही. प्रदर्शनाचे दिवस जवळ आले तेव्हा मी पुन्हा पास काढला आणि त्याच्यापाशी गेलो.

“दादा, औंदा तूबी चल.”

“पास?”

आता तरी खरं सांगायचं ना. मी म्हणालो, “औंदा दोन जनना करेल शे.”

“सुधरनात म्हनजे लोके,” दादा म्हणाला.

खोट्याला झाकायला दुसरं खोटं. हे मी या लेखात लपवू शकलो असतो, कारण या दुसऱ्या खोट्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. पण मला ते पहिल्याइतकंच लागतं.

या वेळी आठवड्याच्या मधल्या वारी, पहिल्या सकाळी पोचायचं ठरवून निघालो. माझ्या पायात साध्या चपला होत्या. दादाच्या वहाणांना तेल होतं, दोन्हींना. खांद्यावर धुतलेला रुमाल. गाडीत तो खिडकीशी बसला, बाहेर न बघता. नवापूरला फेरीवाल्यांच्या बोलण्यात गुजराती मिसळायला लागली तसा म्हणाला, “नवापूर उनं.” मी पाटी वाचून होय म्हणालो. वाटेत त्यानं बाजाराचे नियम सांगितले, जे मला पाठ होते. आधी हात मागे बांधून सगळा बाजार एकदा फिरायचा, तोंड उघडायचं नाही. आवडलेल्या घोड्याचा भाव आधी विचारायचा नाही, शेजारच्याचा विचारायचा. उभा बघायचा, बसलेला बघायचा, मग चालवून बघायचा. आणि एक बोलणारा, एक बघणारा.

“औंदा बोलनारा मी,” तो म्हणाला. “देखनारा तू.”

फाटकावर पास तपासणारा माणूस होता. त्यानं मोबाइल बघितला, “दोघं? या,” म्हणाला. दादा त्याच्यासमोर थांबला आणि त्यानं तोंड उघडलं. मागच्या वर्षी एकालाच सोडायचे का, असं त्यानं नुसतं विचारलं असतं तरी संपलं होतं.

“भाऊ, लघवीले कोठे जावानं?” दादानं विचारलं.

आम्ही बाजार एकदा फिरलो. दादाचा हात माझ्या दंडावर. पांढऱ्या नौकांच्या रांगेपाशी त्यानं मान हळूहळू उजवीकडून डावीकडे नेली, आपल्या नळीतून एकेक बघत, आणि म्हणाला, “बठ्ठा नुकरा शेतस रे.” नुकरा म्हणजे पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा घोडा. दिसायला राजबिंडा, उन्हाला नाजूक. मला हसू आलं. मागच्या वर्षी मी याच रांगेसमोर दबून उभा होतो.

दुसऱ्या फेरीत त्यानं काम सुरू केलं. लाकडी घोड्यांवरच्या नौकेखाली वाकला, तळावरून तळवा फिरवला, बोटांनी ठोकलं. लोक बघत होते. मला लाज वाटली का? थोडी वाटली. खोटं कशाला बोलू. पण मीही त्याच्याशेजारी वाकलो, आणि खाली वाकल्यावर बघणारे लोक दिसत नाहीत.

मला एक नौका मनापासून आवडली होती. ती त्यानं नापास केली, कारण नाकाडाजवळ पॉलिश करताना उठलेली एक गोल खूण त्याच्या बोटाला लागली. “भोवरा शे. मालकना घात करस.” मी सांगितलं की दादा, हे फायबर आहे, याला भोवरा नसतो. “मंग हाई काय शे?” तो म्हणाला. त्याला पटवणं शक्य नव्हतं. ती नौका कदाचित उत्तम असेल.

त्या रांगेच्या शेवटी एक विक्रेती होती, चाळिशी ओलांडलेली, कोकणातली, उन्हानं रापलेली. तिनं आम्हाला वर बोलावलं. दादा शिडी चढून आत गेला, बिछाना चाचपला आणि सरळ आडवा झाला. डोळे मिटले.

“दादा, ऊठ.”

“पडू द्या काकांना,” ती म्हणाली. “पडायलाच हवं. बाकी लोक नुसतं बघून जातात, मग घरी नेल्यावर पाय बाहेर येतात.”

“बाई,” दादा पडल्या पडल्या म्हणाला, “आजारी पडनी ते इना डाक्तर कोठे?”

मी मराठीत सांगितलं, बिघडली तर दुरुस्ती कुठे, असं विचारतोय. ती हसली नाही. म्हणाली, हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. मग तिनं विचारलं, “कुठल्या पाण्यात फिरवणार?”

दादानं डोळे उघडले नाहीत, पण तो ऐकत होता.

“तापीत,” मी म्हणालो. “आमच्या शेताला लागून बॅरेजचं पाणी आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की जातं. उन्हाळ्यात काठाला कमरेएवढंच असतं आणि खाली बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत.”

“मग हे सगळं तुमच्यासाठी नाही,” ती रांगेकडे हात करून म्हणाली. “हिच्या तळाचं लोखंड तुमच्या बाभळीत अडकेल. या माझ्याबरोबर.”

एवढंच होतं. वर्षापूर्वी मी एक शब्द खरा बोललो असतो तर एवढंच होतं.

तिनं आम्हाला गालिचा जिथं संपत होता त्याच्याही मागे नेलं. तिथं धक्क्याला एक लहान होडी बांधली होती, सपाट तळाची, एक शीड, चार माणसांपुरती. तिच्या पोटात एक फळी होती, ती पाण्यात खाली सोडायची किंवा दोरीनं वर ओढायची. उथळ पाणी आलं की वर. दादानं फळीची मूठ धरून वर खाली केली. “फाय उचलतस तशी,” तो म्हणाला. बांधाशी वळताना नांगराचा फाळ उचलतात, तशी. त्याला ती लगेच समजली.

“चालाडी देखाडी का, बाई?”

बाईनं आभाळाकडे बघितलं, वारा बघितला आणि आम्हाला अंगात घालायला फुगीर जाकिटं दिली. दादानं रुमाल आधी काढून मग जाकिटावरून पुन्हा खांद्यावर घेतला. दुपार कलली होती.

धक्का सुटला आणि शीड भरलं. होडी एका अंगाला कलली तसा दादानं माझा गुडघा घट्ट पकडला. मग सरळ झाली आणि पाण्यावरून निघाली. खडखडाट नाही, धूर नाही. दादाची मान सारखी फिरत होती, थोडी डावीकडे, थांब, आणखी थोडी, थांब. नळीएवढ्या जागेतून तो समुद्र तुकड्या तुकड्यानं बघत होता. माझ्या लक्षात आलं की आपण जे एका नजरेत बघून टाकतो ते बघायला त्याला किती वेळ लागतो आहे, आणि त्याला घाई नाही.

“कोपरा नही सापडी ऱ्हायना,” तो शेवटी म्हणाला.

“कशाचा?”

“समुद्रना. बांध कोठे शे इना?”

“नाही बांध.”

“हं,” तो म्हणाला. “मंग राखन कोन करस?”

बाई सुकाणू धरून मागे बसली होती, ती हसली. दादानं तिला विचारलं, ही होडी किती वर्षांची, कोणाकडे होती, का विकताहेत. ती म्हणाली, एका वकिलांची होती, आता त्यांचे गुडघे धरलेत. दादाला ते कारण पटलं. विकण्याचं कारण मालकाच्या अंगात असलं तर जनावर बरं असतं, असं तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे तोंड केलं.

“रेवाल शे,” तो म्हणाला. “तू सांगेल व्हता तशीच.”

मी मागच्या वर्षी सांगितलं होतं. कुठल्याही नौकेत न बसता.

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला. परक्या बाईचा हात तो धरणार नव्हता, ते बाजाराच्या रीतीत बसत नाही. म्हणून त्यानं माझा हात ओढून मांडीवर घेतला, त्यावर रुमाल टाकला आणि खाली माझी बोटं चाचपली. त्यानं आकडा मला सांगायचा, मी तो बाईला सांगायचा. चाळीस वर्षं झाली असतील त्याच्या रुमालाखाली माझा हात जाऊन. तेव्हा त्याचा पंजा माझ्या हाताला पुरून उरायचा. आता तो हात हलका झाला होता, हाडं लागत होती. त्यानं माझी काही बोटं धरली आणि दाबली. किती, ते मी लिहिणार नाही. रुमालाखालचं रुमालाखाली राहतं.

मी बाईला काही सांगितलं नाही. हातही काढला नाही.

“काय झालं?” दादा म्हणाला. “कमी व्हयनं?”

“दादा,” मी म्हणालो, “मांगला सालना पासबी दोन जनना व्हता.”

शीड एकदा फडफडलं. बाईनं सुकाणू जरासं वळवलं आणि ते पुन्हा भरलं.

“माले माहीत शे,” दादा म्हणाला.

“कसं?”

“आरे, बजारमा येकला मानूसले कोन सोडस? येक बोलनारा, येक देखनारा. दुनियामा असा बजारच नही.” त्याच्या आवाजात राग नव्हता, मला बाजार अजून कळलेला नाही याची थोडी निराशा होती. “मी बरं म्हनं. तू मोठा सायेब, तुन्हं काही काम आसी.”

“काम नव्हतं.”

“मंग काबरं नही लई गया माले?”

हा प्रश्न त्यानं वर्षभर विचारला नव्हता. आता विचारला तोही माझ्याकडे न बघता, पाण्याकडे तोंड करून. त्याला बघायचं असतं तर मान वळवून, थांबून, शोधून माझा चेहरा नळीत आणावा लागला असता. ते त्यानं केलं नाही. मला सोपं जावं म्हणून केलं नाही, असं मला वाटतं.

“माले तुन्ही लाज वाटनी,” मी म्हणालो.

दादानं माझी बोटं सोडली नाहीत. तळव्यात धरून ठेवली, आकडा न करता. मागून बाईनं विचारलं, “काय काका, ठरलं का?”

“थांब बाई,” दादा म्हणाला. “आम्हनं दोन्हीसनं बाकी शे.”

आणि तो वाट बघत राहिला. जत्रेत समोरच्याचा आकडा यायची वाट बघायचा तसा, न हलता. कचेरीत मी दिवसाला दहा वेळा ‘क्षमस्व’ लिहितो, तो शब्द तिथं चालणार नव्हता.

“दादा, मी चुकनू,” मी म्हणालो. “तुन्हा डोया व्हतात तवय तुले आठे लई येवाले जोयजे व्हतं. तू वहानास्ले तेल लाई बठेल व्हता, आन् मी खोटं बोलनू. माले माफ कर.”